‘मराठी सांकेतिक भाषा’ मागणाऱ्यांनो, आधी एखाद्या डेफ माणसाला विचारा

खडूस दुभाष्या:

गेले काही दिवस एक पोस्ट सगळीकडे फिरतेय. मजकूर थोडक्यात असा: केंद्र सरकारने ‘भारतीय सांकेतिक भाषा’ या नावाखाली दिल्लीच्या खुणा आपल्या मुलांवर लादल्यात, कर्णबधिर लेकरांच्या हातातली मायमराठी हिसकावली जातेय, सबब महाराष्ट्राने ताबडतोब स्वतंत्र ‘मराठी सांकेतिक भाषा’ जाहीर करावी. खाली तलवारीचे इमोजी आणि ‘मराठी असाल तर पुढे पाठवा’. मी दुर्लक्ष केलं होतं. पण काल आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी ती ग्रुपवर टाकली आणि मला टॅग करून ‘तुमच्या फील्डमधलं आहे, पाठिंबा द्या’ म्हणाले. तर हा घ्या पाठिंबा.

मी सांकेतिक भाषेचा दुभाषी. माझे आईवडील दोघंही डेफ. आई मिरजेची, बाबा सुरतचे. ओळख झाली मुंबईत, डेफ लोकांच्या क्रिकेट सामन्याला, आणि तेव्हापासून दोघांच्या गप्पा आजतागायत संपलेल्या नाहीत. मध्ये कुणी दुभाषी लागला नाही. माझ्या दोन आज्या मात्र, एक मराठी एक गुजराती, शेवटपर्यंत एकमेकींशी मोडक्या हिंदीत बोलल्या. आता मला सांगा की आईची भाषा मराठी सांकेतिक आणि बाबांची गुजराती सांकेतिक होती का?

अहो, हातांच्या भाषांना तुमची राज्यपुनर्रचना लागू नाही. अमेरिका आणि ब्रिटन दोघांचं इंग्रजी एक, पण तिथल्या डेफ लोकांना एकमेकांचं साइन, म्हणजे सांकेतिक भाषा, कळत नाही, कारण १८१७ मध्ये अमेरिकेत हार्टफर्डला शाळा निघाली तेव्हा शिकवायला फ्रान्सहून लोरां क्लेर्क गेले होते, त्यामुळे अमेरिकन साइनचं गोत्र फ्रेंच. आयर्लंडचं साइनसुद्धा फ्रेंच वळणाचं, शेजारी ब्रिटन असून. उलट कराची आणि दिल्ली, मध्ये कुंपण आणि तोफा, पण उलरिके झेशान या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी दोन्हीकडचं व्याकरण ताडून पाहिलं तर एकच निघालं.

आणि साइनचं व्याकरण म्हणजे मराठी हातांनी बोलणं नव्हे. मराठीत आपण ‘तू कुठे चाललास’ म्हणतो. साइनमध्ये ‘तू, जाणं, कुठे’, प्रश्नाची खूण पार शेवटी आणि प्रश्न अख्ख्या चेहऱ्यावर. बाई म्हणायचं तर तर्जनी नाकपुडीच्या बाजूला टेकवायची, पुरुष म्हणायचं तर मिशीवरून बोटं फिरवायची, आणि बहीण-भाऊ वगैरे नाती त्याच्यावर रचायची. हे मिरजेत तेच आणि मेरठमध्येही तेच.

तुमची अस्मिता तुमच्यापाशी ठेवा. डेफ लोकांची जुनी मागणी आहे की आयएसएलला, म्हणजे भारतीय सांकेतिक भाषेला, राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात घ्या, तिथे बावीस भाषा आहेत, ही तेविसावी. तुम्ही तिचे राज्यवार तुकडे करायला निघालात तर ती मागणी मेलीच समजा.

सह्याद्रीचा वारा:

ती पोस्ट पुढे पाठवणाऱ्यांतला मी एक. त्यामुळे उत्तर देतो.

नाकाला बोट लावून बाई? म्हणजे नथच की! नथ कुणाची हो, दिल्लीची?

आता मुद्द्यावर. ‘भाषा एकच आहे’ हे वाक्य आम्ही फार वेळा ऐकलंय. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर काढला तेव्हाही सुरुवात अशीच गोड होती, लिपी एकच, मुलांना सोपं जाईल, वगैरे. जूनअखेरीला तो मागे घ्यावा लागला कारण लोक उठले. इथे मात्र संशोधन केंद्र दिल्लीत, खुणांची डिक्शनरी दिल्लीत, व्हिडिओ दिल्लीत आणि वापरायचं आमच्या मुलांनी. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या बाबतीत तर लादणं अजून सोपं, आरडाओरडा कोण करणार?

खडूस दुभाष्या:

नथ डाव्या नाकपुडीत असते आणि चमकी कराचीतल्या बायकाही घालतात. नाकावर पेटंट घेऊ नका.

आणि ‘आरडाओरडा कोण करणार’ हे वाक्य परत वाचा. जंतरमंतरवर डेफ लोकांनी किती वेळा मोर्चे काढलेत याची तुम्हाला खबर नाही, कारण त्यांचा आरडाओरडा तुम्हाला ऐकू येत नाही. बहिरं कोण आहे मग?

वऱ्हाडी ठेचा:

दुभाषे साहेब, तुमचा जोश चांगला आहे पण थोडं थांबा. मी विदर्भात कर्णबधिर निवासी शाळेत शिकवतो, नाव सांगत नाही, नोकरी आहे बापा.

आमच्या पोरांची शनिवारची खूण म्हणजे मारुतीची गदा. मूठ आवळून खांद्यावर ठेवायची, बस. कोणत्या पोरानं काढली, कधी काढली, देव जाणे, मी लागलो तेव्हाही हीच होती आणि हॉस्टेलातली मोठी पोरं लहान पोरांना देत आलीत. आता डिक्शनरीचे व्हिडिओ आले. मोबाईलवर दाखवलं, त्यात शनिवार वेगळाच. पोरं हसायला लागली. मग एकानं मले विचारलं, ‘सर, आमची चूक?’ ह्या प्रश्नाचं काय उत्तर द्यावं तेच मले समजलं नाही. त्या दिवसापासून दोनतीन पोरं पाहुणा आला की गदा लपवतात, व्हिडिओवाली खूण करतात. घरात वऱ्हाडी बोलणारं लेकरू साहेबासमोर पुस्तकी बोलते ना, तसंच.

वार, महिने, रंग, खायच्या वस्तू, सण ह्यात गावागणिक फरक आहे आणि भरपूर आहे. व्याकरण एक असंल, मी नाही म्हणत नाही. पण पोरगं व्याकरण खात नाही, भाकर खाते, आणि भाकरीची खूण त्याची त्याची आहे.

अजून एक. नावं इंग्रजी अक्षरांनी करायची, दोन हातांनी. मराठी माध्यमातलं चौथीचं पोरगं इंग्रजीत आपलं नावच लिहू शकत नाही तर बोटांवर काय करंल? देवनागरी बोटांची लिपी शिकवा म्हटलं तर ट्रेनिंगवाले म्हणतात सिलॅबसमध्ये नाही.

सह्याद्रीचा वारा:

घ्या! मास्तर, दंडवत तुम्हाला. गदा काढून घेतली आमच्या मारुतीची. आता बोला दुभाषे.

शब्दकिडा:

मास्तर म्हणतात ते खरं आहे आणि त्याने सह्याद्रीरावांचा मुद्दा सिद्धही होत नाही, हे दोन्ही एकदम होऊ शकतं.

१९७० च्या दशकात मदन वसिष्ठ (स्वतः डेफ, गॅलॉडेट या अमेरिकेतल्या डेफ लोकांच्या विद्यापीठात प्राध्यापक होते), जेम्स वुडवर्ड आणि कर्क विल्सन यांनी दिल्ली, कलकत्ता, मुंबई, बंगळूर अशा चार शहरांतल्या खुणा गोळा करून ताडल्या. १९७८ मध्ये ते छापून आलं. साधारण ७५ टक्के खुणा एकमेकींच्या नात्यातल्या निघाल्या. आणि ही भाषा इथलीच आहे, कुठल्या परदेशी साइनची पिलावळ नाही, हेही तेव्हाच निघालं. बोटांची इंग्रजी अक्षरं तेवढी ब्रिटिश वळणाची आहेत. डाव्या हाताच्या पाच बोटांची टोकं म्हणजे पाच स्वर, अंगठा ए, तर्जनी ई, असं करत करंगळी यू. शेजारच्या नेपाळात मात्र एका हातावरची देवनागरी आहे. त्यामुळे मास्तरांचं ‘सिलॅबसमध्ये नाही’ हे दुखणं खरंच आहे, शेजाऱ्यांना जमलं ते आपल्याला का नाही.

पुढे वुडवर्डने १९९३ मध्ये भारत-पाकिस्तान-नेपाळ असं ताडलं आणि निष्कर्ष काढला की या एका कुटुंबातल्या पण वेगवेगळ्या भाषा आहेत. झेशान बाई म्हणतात की व्याकरण बघा, भाषा एक आहे, शब्द प्रदेशागणिक बदलतात. म्हणजे शब्द मोजणाऱ्याला अनेक भाषा दिसतात, वाक्य बघणाऱ्याला एक. दुभाषे, तुम्ही फक्त झेशान सांगितल्या, वुडवर्ड खिशात ठेवलात. सोयीचं तेवढंच.

पण यातल्या कुणालाही ‘मराठी’, ‘गुजराती’, ‘हिंदी’ अशा हद्दी सापडलेल्या नाहीत. जिथे फाटे फुटलेत तिथे ते शहरावरून, शाळेवरून, हॉस्टेलवरून फुटलेत. अकोल्याच्या शाळेतला शनिवार कोल्हापूरच्या शाळेत चालेल याची काय गॅरंटी? मग मराठी सांकेतिक भाषेत कुठला शनिवार घेणार, सह्याद्रीराव? पुण्याचा घेतलात तर वऱ्हाड पेटेल.

गावठी अंडं:

पुण्याचा शनिवार दुपारी एक ते चार बंद असतो.

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय, चालू द्या.)

खडूस दुभाष्या:

वुडवर्ड खिशात नव्हता, लेख आधीच लांब झाला होता. बरं, ठीक. ‘एकच भाषा’ ऐवजी ‘एकच कुटुंब’ म्हणा हवं तर, आईबाबांच्या गप्पा त्यामुळे थांबणार नाहीत.

आणि अवघं राष्ट्र जोडायचं तर गीताचं उदाहरण आहेच. लहानपणी चुकून पाकिस्तानात गेलेली, कराचीत ईधी फाउंडेशनकडे वाढलेली डेफ मुलगी, २०१५ मध्ये परत आली, आणि पुढे तिचं नातं आपल्या परभणीकडच्या कुटुंबाशी जुळल्याच्या बातम्या आल्या. कराचीत वाढलेली मुलगी परत आल्यावर इंदूरच्या साइनवाल्यांशी बोललीच ना?

शब्दकिडा:

हे उदाहरण कृपया नको. तिच्याशी बोलताना केवढे कष्ट पडले ते तेव्हाच्या बातम्यांत आहे. ती नेमकी कुठल्या शाळेत, कुणाकडून, काय शिकली होती? घरगुती खुणा करणाऱ्या एका मुलीवरून दोन देशांच्या भाषांचं नातं सिद्ध होत नाही. उलट डेफ मूल लहान वयात भाषेशिवाय राहिलं तर आपल्या गावाचं नावसुद्धा सांगू शकत नाही, हे सिद्ध होतं.

खडूस दुभाष्या:

हा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य, आणि माझा खरा राग तिथेच आहे. दिल्लीची खूण की अकोल्याची, यावर भांडायला आपल्याकडे शाळांत साइन असायला तर हवं! १८८० मध्ये मिलानला ऐकू येणाऱ्या मास्तरांनी ठराव केला की डेफ मुलांना बोलूनच शिकवायचं, आणि आपण तो ठराव अजून उराशी धरून बसलोय. माझ्या आईने वर्गात हात हलवले की पट्टी बसायची. हातांवर बसायला लावायचे, अक्षरशः हात मांड्यांखाली घालून. ‘प’ म्हणताना कागदाचा कपटा हलला पाहिजे, यात तिचं अख्खं बालपण गेलं. दहावीपर्यंत कपटा हलवायला शिकली, इतिहास कोरा. भाषा शिकली ती सुट्टीत, संडासामागे, मोठ्या मुलींकडून. आणि आजही डॉक्टर आईबापांना सांगतात, खुणा करू नका, मूल बोलणार नाही.

आरोहीची आई:

मी एरवी इथे फक्त वाचते पण आता राहवत नाही.

डॉक्टर सांगतात ते बरोबर सांगतात. माझी मुलगी जन्मतः कर्णबधिर. बेरा टेस्टचा, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात आला त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाही. नंतर कॉक्लिअर इम्प्लांट केलं, म्हणजे ऑपरेशन करून कानात ऐकायचं मशीन बसवलं, केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून ते मिळालं म्हणून जमलं. त्यानंतर दर आठवड्याला थेरपी, मॅपिंगसाठी म्हणजे मशीन जुळवून घ्यायला फेऱ्या, घरात दिवसभर बोलणं, भाजी निवडतानासुद्धा ‘ही बघ मेथी, मेथी कशी आहे, हिरवी’, असं बोलून बोलून माझा घसा बसायचा. आज ती नॉर्मल शाळेत चौथीत आहे, मराठी बोलते, भांडते, गाणी म्हणते. तुमच्यासारखे लोक येऊन ‘साइन शिकवा साइन शिकवा’ म्हणतात तेव्हा मला इतका संताप येतो. साइन शिकवलं असतं तर ती बोलायच्या भानगडीत पडलीच नसती. तुमच्या आईच्या काळात मशीन नव्हतं, आता आहे. जग पुढे गेलंय.

खडूस दुभाष्या:

ताई, तुमच्या मुलीचं चांगलं झालं, आनंद आहे. पण ‘नॉर्मल शाळा’ म्हणजे माझी आई ॲबनॉर्मल शाळेत होती का?

साइन शिकलेलं मूल बोलत नाही हा गैरसमज आहे. मी स्वतः साइन आधी शिकलो आणि आता माझं तोंड बंद करायला बायको पैसे द्यायला तयार आहे.

आरोहीची आई:

तुम्हाला ऐकू येतं हो! तुमचं उदाहरण कसं देता? हेच, हेच मला सांगायचंय. तुम्ही ऐकू येणारे लोक डेफ लोकांचे वकील होता आणि आमच्यासारख्या आयांना व्हिलन करता.

वऱ्हाडी ठेचा:

ताई, राग नका मानू, पण ज्यांचं इम्प्लांट फेल जाते ते पोरं कुठं येतात माहीत आहे? आमच्याकडं. आठव्या-नवव्या वर्षी. वॉरंटी संपली, केबल तुटली, कॉइलला पैसे नाहीत, बाप शेतमजूर, थेरपी जिल्ह्याच्या गावाला, बसनं दोन तास. मशीन डब्यात पडलं. बोलणं नाही, खूण नाही, काही नाही. त्याले काय काय सांगायचं आहे ते नुसतं डोळ्यांत दिसते. हे पोरगं आमच्याकडं आलं की पंधरा दिवसांत हॉस्टेलची पोरं त्याले खुणा शिकवतात, आणि पहिली खूण कोणती शिकते सांगू? मास्तरची. माह्या टकलाची.

गावठी अंडं:

मास्तर, तुमचा साइन नेम, म्हणजे खुणेतलं नाव, टक्कल?

वऱ्हाडी ठेचा:

टक्कल आणि वर चापट. प्रेमानं.

आरोहीची आई:

मास्तर, तुमचं म्हणणं मला कळतं. पण ती सिस्टिमची चूक आहे, केबल मोफत द्या, थेरपी तालुक्याला द्या. त्यावर उपाय साइन नाही.

निःशब्द नाही:

मी डेफ. सांगलीचा, नोकरी मुंबई. वाचत होतो सगळं. तुम्ही सगळे हिअरिंग. आमच्याविषयी इतके प्रतिसाद, आम्हाला कोणी विचारलं नाही. धाग्याचं शीर्षक ‘डेफ माणसाला विचारा’. मी विचारण्याची वाट बघत बसलो होतो.

पहिली गोष्ट. मी सांगलीच्या शाळेत शिकलो, ओरल होती, म्हणजे खुणा नाहीत, फक्त बोलून शिकवायचं. मुंबईला आलो तेव्हा साइन थोडं वेगळं वाटलं. आठ-पंधरा दिवस. लोकलमध्ये अपंगांचा डबा असतो, संध्याकाळी तिथे डेफ लोक भेटतात. ठरलेली गाडी, ठरलेला डबा. पुढच्या स्टेशनवर मित्र उभा आहे का बघायचं, प्लॅटफॉर्मवरून लांबूनच गप्पा सुरू. गर्दीत हिअरिंग लोक ओरडून बोलतात तरी ऐकू जात नाही, आम्ही दाराकडून खिडकीकडे आरामात बोलतो. त्या डब्यात बिहारी, तमिळ, गुजराती, कोकणी सगळे डेफ. पहिल्या दिवशी मी ‘मंगळवार’ केला, समोरच्याला कळलं नाही, त्याने त्याचा केला, मी माझा केला, दोघं हसलो, झालं. आता मला दोन्ही येतात. हिअरिंग लोकांना एवढी भीती कशाची वाटते?

दुसरी गोष्ट. सह्याद्रीचा वारा. आम्ही साइन करताना ओठही हलवतो. माझे ओठ ‘पाणी’, ‘आई’, ‘जेवण’ मराठीत हलतात. बिहारी मित्राचे हिंदीत. हात सारखे, ओठ वेगळे. तुम्हाला मराठी हवी असेल तर ती ओठांवर आहे, कोणी हिसकावली नाही.

तिसरी गोष्ट. आरोहीची आई. मला इम्प्लांट नाही, मला राग पण नाही. तुमची मुलगी बोलते, छान. रात्री मशीन काढून झोपते ना? अंघोळीला? पावसात? तेव्हा ती माझ्यासारखी डेफ आहे. तेव्हा तिच्याशी कोण बोलतं?

आरोहीची आई:

…

गेल्या वर्षी प्रोसेसर, म्हणजे मशीनचा बाहेरचा भाग, रिपेअरला गेला होता. कंपनीने बराच काळ लावला. त्या दिवसांत ती चिडायची, वस्तू फेकायची. मग आम्ही दोघींनी आमच्या आमच्या खुणा काढल्या. दूध, शाळा, बाबा, नको. बाबांची खूण तिनेच काढली, चष्मा वर ढकलायचा.

पण ती वेळ वेगळी होती. याचा अर्थ मी साइनच्या बाजूची झाले असा काढू नका प्लीज.

खडूस दुभाष्या:

काढत नाही. पण त्याला ‘साइन नेम’ म्हणतात ताई, आणि चष्मा वर ढकलणे हे उत्तम साइन नेम आहे.

न्यू जर्सीचा नाना:

माझ्या मेहुणीचा मुलगा इथे जन्मला, डेफ आहे, अमेरिकन साइनमध्ये फाडफाड बोलतो. पुण्याला मुंजीला घेऊन गेलो, म्हटलं तिथल्या डेफ मुलांना भेटवू. भेटवलं. पहिला तासभर दोघांना एकमेकांचं काही कळेना, याची अक्षरं एका हाताची, त्यांची दोन हातांची. नंतर क्रिकेटवर गाडी आली आणि अभिनय करकरून जमलं. तिकडे भारतात अमेरिकन साइन शिकवणाऱ्या काही संस्था आहेत म्हणे, मिशनरी वगैरे मंडळींनी आणलेलं, ते चांगलं की वाईट? आणि मराठी मंडळात मी हा विषय काढला तर…

शब्दकिडा:

नाना, मराठी मंडळावर स्वतंत्र धागा काढा.

लादणं बघायचंच असेल तर सह्याद्रीरावांनी कर्नाटकातलं अलिपूर बघावं. चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातलं गाव, पिढ्यान्‌पिढ्या डेफ माणसं जास्त जन्मतात, त्यामुळे गावाचं स्वतःचं साइन तयार झालंय आणि ऐकू येणाऱ्यांनाही ते येतं. ती आयएसएलपेक्षा खरोखर वेगळी भाषा. तिथली पोरं बंगळूरला शिकायला जातात आणि येताना आयएसएल घेऊन येतात, गावातली खूण मागे पडते. म्हणजे मोठी भाषा लहान भाषेला खाते हे खरं आहे, फक्त इथे खाणारी दिल्ली नाही, स्वतः आयएसएल आहे. उद्या मराठी सांकेतिक भाषा झाली तर ती मेळघाटातल्या एखाद्या पोराच्या खुणा अशीच खाईल, आणि तेव्हा तलवारीचे इमोजी कुणी टाकणार नाही.

सह्याद्रीचा वारा:

बरं, तुम्ही सगळे विद्वान, मी अडाणी. मग मास्तरांच्या पोरांनी गदा लपवायची का, एवढंच सांगा. त्याचं उत्तर कुणी देत नाहीये. सगळे कराची, नेपाळ, अलिपूर फिरून आले, अकोल्याला कुणी उतरेना.

खडूस दुभाष्या:

हा प्रश्न बरा आहे, पहिल्यांदाच.

लपवायची नाही. आणि धोरणातही तसं नाहीये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आयएसएलचं देशभर प्रमाणीकरण करू असं एक वाक्य आहे, तेवढंच सगळे नाचवतात. त्याच्या लगेच पुढचं वाक्य असं आहे की स्थानिक सांकेतिक भाषांचा आदर राखला जाईल आणि शक्य तिथे त्या शिकवल्याही जातील. डिक्शनरीही ३,००० शब्दांवरून २०२१ पर्यंत १०,००० वर गेली आणि त्यात प्रादेशिक खुणा घेतल्यात. कुणी गोळा करून दिल्या तर आणखी घेता येतील.

वऱ्हाडी ठेचा:

‘शक्य तिथे’. सरकारी कागदावर ‘शक्य तिथे’ म्हणजे काय असते ते मी बावीस वर्षं नोकरी करून शिकलो.

गोळा करून द्या म्हणता, कोणी द्यायचं? शाळेत चार शिक्षक, दोन पदं रिक्त, त्यात निवडणुकीची ड्युटी. आणि मले खुणा येतात त्या पोरांकडून आलेल्या, बी.एड.ला कोणी शिकवल्या नाहीत. डिक्शनरी बनवणारा माणूस आमच्या फाट्यावर एसटीनं उतरलेला मी अजून पाहिला नाही.

शब्दकिडा:

मोबाईल आहे ना? पोरांनाच करू द्या. वार, महिने, रंग, नाती, पिकं. एक पोरगं खूण करेल, दुसरं शूट करेल. मात्र पालकांची लेखी परवानगी घ्या आणि चेहरे सार्वजनिक टाकू नका. पहिल्या दिवशी दोनशे खुणा आरामात होतील.

वऱ्हाडी ठेचा:

पिकं! कापसाची खूण पाहिली का तुम्ही कधी आमच्या पोरांची? बोंडातून ओढून काढतात, डाव्या मुठीतून उजव्या बोटांनी, आणि खांद्यावरच्या झोळीत टाकतात. ते डिक्शनरीत नसंल, लावता पैज?

निःशब्द नाही:

मास्तर, मी येतो. दिवाळीत सुट्टी आहे. मला शूटिंग येतं, सबटायटल पण. दुभाषी नको.

खडूस दुभाष्या, राग नको. पोरं डेफ, मी डेफ. मध्ये तुम्ही कशाला?

खडूस दुभाष्या:

एवढं सगळं लिहून मीच बेरोजगार झालो. ठीक आहे, जा. तिकिटाचे पैसे मी देतो.

आरोहीची आई:

हे व्हिडिओ झाले की कुठे बघायला मिळतील? सहज विचारतेय. आरोहीला कापूस बघायचाय म्हणून.

सह्याद्रीचा वारा:

मी पण देतो पैसे. पण व्हिडिओवर ‘महाराष्ट्र’ लिहा.

शब्दकिडा:

‘वऱ्हाड’ लिहिणार.

सह्याद्रीचा वारा:

वेगळ्या विदर्भाची भुणभुण इथेही आणलीत का? यावर मी सविस्तर लिहितो, जेवून येतो.